बजेटमधलं दिवाळी गिफ्ट दीड हजारापासून सुरू होतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘बजेटमध्ये बसणारी दिवाळी गिफ्ट्स’ असं अख्खं पान होतं. त्यात सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे सुगंधी मेणबत्त्यांचा सेट, किंमत 1499 फक्त. त्या ‘फक्त’वर आमच्याकडे चांगलीच चर्चा झाली. भाऊबीज, नणंदा, दीर, भाचे-पुतणे, ऑफिसमधल्या जवळच्या मैत्रिणी, कामाच्या मावशी, वॉचमन, कचरा न्यायला येणारे दादा अशी साध्या घरातली यादीसुद्धा वीसच्या आत थांबत नाही, आणि वीस गुणिले दीड हजार म्हणजे तीस हजार झाले. इथे डोंबिवलीत ज्यांना बोनस मिळतो त्यांचा निम्मा बोनस दिवाळीच्या आधीच क्लासच्या फीमध्ये आणि सोसायटीच्या रंगकामात गेलेला असतो हो. तर तीस हजाराचं हे बजेट नेमकं कोणाचं धरलं होतं ते कळलं नाही.

पण किमतीपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खटकली, त्या पानावर वस्तू किमतीप्रमाणे लावल्या होत्या, हजार ते दोन हजार, दोन ते तीन हजार वगैरे, आणि ते गिफ्ट कोणाला द्यायचंय हा प्रश्न कुठेच नव्हता. घेणाऱ्याच्या घरात काय चाललंय, तिथे किती माणसं आहेत, कोणाला शुगर आहे, कोणाचं पोर दहावीला आहे हे बघितलं की निम्म्या वेळा गिफ्ट आपोआप सुचतं आणि ते बहुतेक वेळा स्वस्तातच निघतं असा माझा तरी अनुभव आहे.

आधी सुकामेव्याच्या बॉक्सबद्दल लिहिते, कारण ‘काही सुचत नाहीये’ म्हटलं की सगळे तिथेच जातात. मागच्या दिवाळीत आमच्याकडे एक बॉक्स आला, वर सोनेरी जाळी, मखमलीची रिबन, आत सहा कप्पे. बॉक्स उलटा करून बघितला तर बारीक अक्षरात निव्वळ वजन 240 ग्रॅम. कप्प्यांच्या खाली कागदाच्या कातरणाचा बिछाना, त्यावर जेमतेम एक थर बदाम, एक थर काजू, पिस्ते सालासकट (म्हणजे वजन सालांचंच जास्त), आणि दोन कप्पे नुसत्या मनुका. छापील किंमत 650. तेवढ्या पैशात आमच्या नेहमीच्या किराणावाल्याकडे अर्धा किलो चांगले बदाम आले असते. 22 सप्टेंबर 2025 पासून बदाम, पिस्ते, खजूर यांच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, सुट्ट्या मालात थोडाफार फरक जाणवतो, पण या सजवलेल्या बॉक्समध्ये मला तरी काही दिसला नाही, कारण आपण तिथे पैसे देतो ते पुठ्ठ्याचे. बंद पाकिटावर वजन, एमआरपी आणि तारीख छापणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा घ्यायच्या आधी बॉक्स उलटा करून वाचायला लाजू नये, दुकानदार कितीही वाकडं तोंड करू दे. माझ्या जाऊबाईंनी गेल्या वर्षी ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाच्या पोटल्या शिवून घेतल्या आणि प्रत्येकीत पाव किलो बदाम भरून दिले. त्या पोटल्या अजून आमच्याकडे लसूण ठेवायला वापरात आहेत.

मिठाईचं पण तसंच. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा ती कधीपर्यंत खायची ते लिहायचा नियम आहे, पण दिवाळीच्या गर्दीत ती पाटी कोण बघतंय. खव्याची मिठाई जेमतेम दोन-चार दिवसांची, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रत्येक घरात आधीच चार बॉक्स आलेले असतात, मग तो पाचवा बॉक्स तिथून पुढच्या घरी जातो आणि तिथून अजून पुढे. सोनपापडीवर जोक फॉरवर्ड करणारे आपणच आणि ती फिरवणारे पण आपणच, बिचारी टिकते हाच तिचा गुन्हा.

आता भाऊबीज. भाऊरायांनो, हे जरा नीट वाचा. तुम्ही बहिणीला साडी घेता, म्हणजे खरं तर वहिनी घेते आणि तुम्ही कार्ड स्वाइप करता. साडी हजाराची असली तरी फॉल-बिडिंग, अस्तर, ब्लाउजची शिलाई हे सगळं धरलं तर बहिणीच्या खिशातून अजून सहाशे-सातशे जातात, शिवाय दिवाळीत टेलर ब्लाउज घेतच नाही, लग्नसराई संपल्यावर या म्हणतो. म्हणून कित्येक ओवाळणीच्या साड्या कपाटात तशाच घडीत पडलेल्या असतात. त्यापेक्षा साडी सातशेची घ्या पण फॉल-बिडिंग करून द्या आणि पाकिटात शिलाईचे पैसे घाला. माझा धाकटा भाऊ आता असंच करतो, ही आयडिया त्याच्या डोक्यातून येणं शक्यच नाही, वहिनीचीच असणार, पण ओवाळताना दोघांनाही मार्क देऊन टाकले. (पाडव्याच्या ओवाळणीबद्दल इथे लिहीत नाही, आमचे हे आपला पेपर रोज वाचतात.)

वाचणाऱ्या घरात दिवाळी अंकाइतकं सोयीचं गिफ्ट दुसरं नाही, हे तुमच्या पुरवणीत एका ओळीत तरी यायला हवं होतं. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षं मराठी माणूस ही चैन करतोय, आणि आजही अंक तीनशे-चारशे रुपयांत येतो, घरातले सगळे वाचतात, वर शेजारी मागून नेतात. फक्त माणूस बघून अंक निवडा. आजोबांना विनोदी चालतो, काकूला भविष्य आणि रेसिपी लागते, कॉलेजच्या मुलीला यातलं काहीच चालत नाही. शाळेतल्या मुलांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ आहे, 1971 पासून निघतोय आणि किंमत ऐकून तर विश्वास बसत नाही. आणि ज्याला एक अंक पुरत नाही त्याच्यासाठी गावोगावच्या वाचनालयांची दिवाळी अंक योजना असते, एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून वाचायचे. माझ्या रिटायर झालेल्या मामाच्या नावाने मी ती वर्गणी भरली, तेवढ्या निमित्ताने मामा रोज वाचनालयात चालत जातो. मामी म्हणते खरं गिफ्ट मलाच मिळालं, दुपारी तासभर टीव्ही बंद असतो.

लहान मुलांचं तर सगळ्यात सोपं आहे आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त पैसे उडवतो. रिमोटची गाडी भाऊबीजेपर्यंत सुद्धा टिकत नाही. गेल्या वर्षी मी दोन भाच्यांना किल्ल्याचं सामान दिलं. नर्सरीतून लाल मातीची एक गोणी, कुंभाराकडून मावळे, एक तोफ, सिंहासनावर बसलेले महाराज, आणि किराणा दुकानातून अळिवाची पुडी, सगळं मिळून चारशेच्या आत. फ्लॅटमध्ये किल्ला कुठे करणार म्हणून वहिनी आधी वैतागली, मग बाल्कनीत जुना फ्लेक्स अंथरून दिला, विटा आणि पोतं बिल्डिंगचं काम चाललं होतं तिथून मागून आणलं. ओल्या मातीवर अळीव टाकला की दोन-तीन दिवसांत हिरवंगार होतं, फक्त पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरूज खाली येतो (आलाच). तळमजल्यावरची दोन पोरं पण येऊन सामील झाली, मोबाइलसाठी रडारड नाही, आणि मोठ्या भाच्याने दारूगोळ्याचं कोठार कुठे असायला हवं यावर त्याच्या बाबाशी वाद घातला. मावळे धुऊन ठेवलेत, यंदा नवीन मातीचाच काय तो खर्च.

एक गोष्ट मात्र ठामपणे लिहिते. काटकसर करायची ती नातेवाइकांच्यात करा, कामाच्या मावशींच्या पोस्तात करू नका. पूर्ण महिन्याचा पगार वेगळा द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे आणि ती बरोबरच आहे. त्याऐवजी आपल्याला नको असलेली साडी, आपल्याकडे जास्तीचा आलेला मिठाईचा बॉक्स आणि वर शंभराची नोट असं करणारे लोक मी आमच्याच सोसायटीत बघते, आणि हेच लोक व्हॉट्सॲपवर दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये सगळ्यात पुढे असतात. गिफ्टच द्यायचं असेल तर पैसे देऊन वर द्या, आणि आधी विचारा. मी आमच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या ताई, मुलीच्या मोबाइलचा तीन महिन्यांचा रिचार्ज मारून द्या, तिचं कॉलेजचं सगळं त्याच्यावर येतं. मला हे जन्मात सुचलं नसतं. बरं, पोस्त दिवाळीच्या आधी द्यावं, धनत्रयोदशीच्या दोन-तीन दिवस आधीच, त्यांनाही बाजार करायचा असतो.

परदेशातल्या मुलांना फराळ पाठवण्याबद्दल थोडंसं. कुरिअरचा खर्च फराळापेक्षा जास्त होतो हे सगळ्यांना माहितीच आहे, त्यात 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने कस्टमचे नियम बदलले तेव्हा आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं मध्यंतरी घेणंच थांबवलं होतं, ऑक्टोबरच्या मध्याला परत सुरू झाली. आमच्या शेजारच्या काकूंनी तेव्हा मुलाच्या गावातल्याच एका मराठी बाईंकडून चकल्या आणि लाडू त्याच्या घरी पोचते केले आणि इथून पाकिटात फक्त स्वतःच्या हाताने लिहिलेली अनारशाची रेसिपी पाठवली. मुलाने फोन करून विचारलं, आई, तांदूळ तीन दिवस भिजवायचे म्हणजे खरंच तीन दिवस का. काकूंनी व्हिडिओ कॉलवर पाणी कधी बदलायचं इथपासून सगळं शिकवलं, पहिला घाणा तुपात विरघळला म्हणे.

संपादक महोदय, आता मुद्द्याची विनंती. पुढच्या पुरवणीत अर्धं पान तरी आपल्या जिल्ह्यातल्या बचत गटांना, पणत्या करणाऱ्या कुंभारांना, घरी कंदील आणि उटणं बनवणाऱ्या बायकांना द्या, वस्तू, भाव आणि फोन नंबर, जाहिरातीचे पैसे न घेता. दोनशे रुपयांचा भाजणीचा पुडा, सोलापुरी चादर, खादीचा टॉवेल (2 ऑक्टोबरनंतर खादी भांडारात सूट असते), येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात बंदीजनांनी केलेल्या वस्तू मिळतात त्या, असं कितीतरी आहे आणि लोकांना नेमकं कुठे जायचं तेच माहीत नसतं. आणि हे पान वसुबारसेच्या दिवशी छापू नका, निदान तीन आठवडे आधी छापा. भाजणीची ऑर्डर घेणाऱ्या ताई दसऱ्यानंतर नवीन नाव लिहूनच घेत नाहीत, मी यंदा नवरात्रातच नंबर लावलाय.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)