रविवारी पूर्वजांच्या पत्रांचे वाचन

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० ते १, नेहमीच्या सभागृहात घरोघरची जुनी पत्रे आणि दाखले एकत्र बसून वाचायचे आहेत. मोडी जाणणारे दोघे सभासद मदतीला असतील. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे.

- मूळ पत्र पाकिटासकट आणा. आत नुसती तिथी असली तरी टपालाच्या शिक्क्यावरून गाव आणि साल लागते.
- फाटक्या कागदाला चिकटपट्टी नको. लॅमिनेशन तर मुळीच नको.
- टिपणे पेन्सिलीनेच.

पत्रावर शके असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवा. तिथी पौषअखेर ते फाल्गुनातली असल्यास ७९. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली, तर लगेच वंशावळीत लिहू नका. ती पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.