हेडच्या पोर्टिंगविषयी मित्रास पत्र

इंडियानापोलिस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र कालच मिळाले. टाटा ट्रकमधले कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन तू उद्यमनगरातल्या शेडमध्ये उघडून ठेवले आहेस आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, पोर्ट (हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा) ‘जमतील तेवढे मोठे’ करण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो. कारण माझ्या जुन्या डॉज पिकअपमध्ये हेच बारा व्हॉल्व्हचे इंजिन आहे आणि त्याचे पहिले हेड मी याच विचाराने वाया घालवले.

तेव्हा मी इंटेकचे, म्हणजे हवा आत घेणारे, पोर्ट सरसकट रुंद केले, त्यांची वळणे सरळ केली आणि आतून आरशासारखे पॉलिश केले. फ्लो बेंचवर, म्हणजे पोर्टमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर, २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला हवा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त जात होती, म्हणून मला फार समाधान वाटले होते. गाडीला ट्रेलर जोडून चढावर घातली, तेव्हा मात्र काळा धूर आधीपेक्षा वाढला. साध्या पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन मिसळूनच आत येतात. डिझेलमध्ये इंधन अगदी शेवटी फवारले जाते आणि मिसळण्यासाठी त्याला काही मिलिसेकंदच मिळतात. त्यातून या हेडमध्ये सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असल्यामुळे इंधन फवारणारे नोझल मध्यभागी बसत नाही, तिरके बसते, आणि सगळीकडे सारखे इंधन पोचायचे तर आतली हवा फिरती असावी लागते. परातीच्या कडेने सोडलेले पाणी जसे गोल फिरत तळाशी जाते, तशी फिरकी हवेला पोर्टच्या वळणामुळे मिळते. मी अडथळा समजून जे घासून टाकले, ते हे वळण होते. बेंच किती हवा गेली ते सांगतो. ती फिरत गेली की सरळ, हे साध्या बेंचवर कळत नाही.

दुसऱ्या हेडला मी पोर्टच्या मधल्या भागाला हातही लावला नाही. मॅनिफोल्डचा, म्हणजे सगळ्या पोर्टना हवा वाटणारा, पेटारा या हेडमध्येच ओतलेला असल्याने बाजूचे झाकण काढले की पोर्टची तोंडे दिसतात. तिथे ओतकामाचे काठ तेवढे साफ केले. सगळा वेळ घातला तो सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याच्या, लगेच खालच्या वाटीत. कारखान्यातल्या कटरने कापलेला भाग आणि ओतीव भाग जिथे भेटतात तिथे एक धारदार पायरी राहते आणि हवा नेमकी तिथेच भिंतीपासून सुटते. ती पायरी कार्बाइड बरने, म्हणजे ग्राइंडरला लावायच्या कठीण कटरने, हलकेच मिळवून घे. वळणाच्या आतल्या, आखूड बाजूची धार फक्त गोल कर, तिथे खोल जाऊ नकोस. जोरात आलेल्या हवेला सर्वांत कठीण वळण तेच पडते, आणि वॉटर जॅकेटची, म्हणजे आतून पाणी फिरते त्या पोकळीची, भिंत नेमकी कुठे पातळ आहे हे बाहेरून दिसत नाही. सीटचे कोन मूळचेच ठेव, इंटेकला ३० अंश आणि एक्झॉस्टला ४५. सीट फार अरुंद केलीस तर व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये उतरणार नाही आणि तो जळेल. एक्झॉस्टला फिरकीची गरज नसल्यामुळे तिथे हात थोडा मोकळा सोडलास तरी चालेल, आणि ते पोर्ट गुळगुळीत केलेस तर काजळीही कमी धरते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हेड बसवल्यावर पंपाची सेटिंग तीच ठेवूनही टर्बोचा बूस्ट थोडा उतरला, तेव्हा मी दोन दिवस गळती शोधत होतो. बूस्टचा काटा दाखवतो तो मॅनिफोल्डमध्ये अडून राहिलेल्या हवेचा दाब. वाट मोकळी झाली की तेवढीच हवा कमी दाबात आत जाते. एक्झॉस्टचे तापमानही त्याच चढावर कमी भरले. इथले लोक १२५० अंश फॅरनहाइटच्या वर इंजिन फार वेळ चालवत नाहीत. पूर्वी मला तिथे पाय सैल करावा लागे, आता लागत नाही. म्हणून तू पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा काटा, आधी बसव, जुन्या हेडवर एकदा भरल्या गाडीचे आकडे लिहून ठेव आणि मगच ग्राइंडर हातात घे.

सहाही पोर्ट एकसारखे होणे हे एखादा पोर्ट उत्तम होण्यापेक्षा मोलाचे आहे, म्हणून पहिल्या पोर्टचा सिलिकॉनचा साचा काढून बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. कामाला लागण्यापूर्वी मूळ पोर्टचाही एक साचा काढ आणि त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. कुठे थांबायचे ते मी त्यावर खूण करून कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र