मोनू, डबा ओट्यावरच राहिला

मोनू,

परवा तू चिडून गाडीत बसला आणि डबा ओट्यावरच राहिला, पाटवड्या बाबांनी संपवल्या. फोन उचलत नाई म्हणून लिहून राहिली. त्या हेपॅटायटिस सीच्या, लिव्हर बिघडवणाऱ्या विषाणूच्या टेस्टचं काढणार नाई.

ताईच्या वेळच्या बाळंतपणात माझं रक्त खूप गेलं, बाबा सायकलवर एका हातानं हँडल अन् दुसऱ्या हातानं रक्ताची थैली छातीशी धरून आले, १९९२ चा मे, नागपूरचं ऊन. हेपॅटायटिस सीचा विषाणूच मुळात १९८९ मध्ये सापडलेला, आपल्याकडे रक्तपेढीत त्याची तपासणी सक्तीची व्हायला २००० उलटलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक त्याच रक्तातून माझ्यात आला. तीस वर्षं लिव्हरमध्ये बसून राहिला, ना दुखलं ना कावीळ, अन् कळलं तेव्हा थेट सिरॉसिस, लिव्हर व्रणांनी कडक झालेलं. आत्या अजूनही विचारते, दारू न पिता लिव्हर कसं गेलं म्हणून. जाऊ दे.

सरकारी योजनेतून फुकट गोळ्या मिळाल्या, रोज एक, १२ आठवडे, अन् विषाणू गेला. पण लिव्हरवरचे व्रण राहिले ना, कॅन्सर त्यातूनच होतो. धोका पुष्कळ कमी झाला, संपला नाई, म्हणून तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, ती लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी. सिरॉसिसच्या आधी कळलं असतं तर हे झंझटच नसतं.

आता बघ, तू त्यानंतर चार वर्षांनी झाला. ताईचं तसं नाई, ती झाल्यावर मला रक्त चढवलं. आईकडून बाळाला जायचा चान्स शंभरात पाच-सहा म्हणतात, मला ते पाचच दिसत राहतात. एका टेस्टला काहून घाबरतो? अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तरी लगेच रडायचं नसते, मग व्हायरल लोड करायचा, म्हणजे रक्तात विषाणू आता आहे का ते कळते, असला तरी गोळ्या आहेत. एवढा इंजिनिअर झाला, बाबा गल्लीभर सांगत फिरतात, अन्... बघ, झालं माझं सुरू. माफ कर.

आपलं ते एकच नेलकटर आठवते? रविवारी अंगणात ओळीनं बसवून तुमची नखं काढायची मी, आधी माझी, मग तुमची. एकदा तुझं कातडं कापलं तर फुंकर मार म्हणून बोट माझ्या तोंडासमोर धरलं तू. परवा रात्री तेच आठवून झोप नाई लागली.

१४ तारखेला सोनोग्राफी आहे, उपाशी जायचं, बाबा सोबत आहेत. तू येऊ नको, सुट्टी वाचव. तुझ्या रिपोर्टचा फोटो तेवढा पाठव, बोलायचं नसेल तर नको बोलू.

आई