नॉर्थ मॅसेडोनियातल्या स्कोपियेहून घरी, धाकट्या भावाच्या, बारक्याच्या, फुटबॉल कोचिंगबद्दल

स्कोपिये,
22 सप्टेंबर 2024

ती. पप्पा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आईने आता रात्री दोनला उठून माझा मेसेज आलाय का बघणं बंद करावं. बातम्यांत दाखवतात ते युद्ध इथून खूप लांब आहे, मधे कितीतरी देश लागतात. थंडी अजून पडलेली नाही, आणि खोलीत हीटर आहे. तांदूळ मिळतो. मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेली घेवड्याच्या बियांची उसळ इथे घरोघरी करतात, ती तर मला आवडायलाच लागली आहे. वजन घटलेलं नाही, व्हिडिओत तसं दिसतं.

एकच गोष्ट अजून पचत नाही. घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या नाहीत. एक उघडी चालते, दोन नाहीत, आणि दारही खिडकीतच धरायचं. आरपार वारा लागला की मान आखडते, कान दुखतात, कंबर धरते, असं लहानथोर सगळे मानतात. याला ते प्रोमाया म्हणतात. ऑगस्टमध्ये अंग भाजून निघत होतं, तरी बसमध्ये मी खिडकी उघडली की मागून कुणीतरी उठून ती लावायचं. ऑफिसात मी दोन्ही खिडक्या उघडल्या, तर शेजारच्या मावशींनी एक बंद केली आणि स्वतःची शाल माझ्या मानेवर टाकली. ओले केस घेऊन बाहेर पडले तर जिन्यात अडवून बोलतात. तेव्हा आई, इथे मला रागावणारं कुणी नाही असं समजू नकोस.

आता पप्पा, बारक्याचं. फोनवर तुम्ही म्हणालात, गुडघा गेला, फुटबॉल संपला, आता कोचिंग म्हणजे रिकामपणाचे धंदे. शेजारी तो बसला होता म्हणून मी गप्प बसले.

ऑफिसात इथल्याच प्रिलेप गावचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी मला त्यांच्या भागातल्या गोत्से सेडलोस्कीबद्दल सांगितलं. 1974 चा जन्म, तुमच्यासारखाच डिफेन्समध्ये खेळणारा. प्रिलेपच्या पोबेदा क्लबातून तो क्रोएशियात स्प्लिटच्या हायदुककडे गेला. 1998 मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडेने घेतला, पण तिथे जेमतेम काही सामने मिळाले आणि त्याच वर्षी परत यावं लागलं. परत आला तो झाग्रेबच्या डिनामोत, म्हणजे हायदुकच्या कट्टर वैऱ्याकडे. आपल्या कोल्हापुरात खंडोबा तालमीच्या माणसाने पाटाकडील तालमीची जर्सी घालावी तसं. तिथेही तो टिकला आणि विजेतेपदं मिळवली. शेवटची वर्षं ऑस्ट्रियातल्या मॅटर्सबुर्ग नावाच्या छोट्या गावच्या क्लबात काढून 2010 मध्ये थांबला. देशाकडून शंभर सामने खेळला, कप्तानही झाला. हा देश 1991 मध्ये वेगळा झाला आणि शंभरचा आकडा गाठणारा हा पहिलाच. साऱ्या देशाची वस्ती साडेअठरा लाखांच्या आत आहे, पप्पा. एवढ्याशा देशाच्या संघात डिफेन्सला दर सामन्यात किती सोसावं लागत असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग तो कोच झाला. 2017 मध्ये इथल्या वार्दार क्लबाचा तो कोच होता. वार्दारने आधी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांत स्वीडनच्या माल्मोला बाहेर काढलं, मग कोपनहेगनकडून हरले, म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या युरोपा लीगकडे वळावं लागलं, आणि तिच्या गटात जायला समोर आला इस्तंबूलचा फेनरबाचे. इथे 2-0 ने जिंकले. सगळ्यांना वाटलं, परतीच्या सामन्यात इस्तंबूलला फेनरबाचे वसूल करणार. तिथेही 2-1 ने वार्दारच जिंकला. या देशाचा एकही क्लब त्याआधी युरोपातल्या गटापर्यंत पोचला नव्हता. प्रिलेपचे गृहस्थ हे सांगताना अजून उभे राहतात.

तुम्ही लगेच विचाराल, पुढे काय झालं? पुढे मार खाल्ला. रशियाच्या झेनिटने इथल्याच मैदानावर पाच गोल घातले, स्पेनच्या रेआल सोसिएदादने सहा, आणि सहा सामन्यांत एकच गुण मिळाला. पण तिथवर पोचले ते पोचलेच, ते कुणी पुसू शकत नाही. नदीकाठच्या त्या स्टेडियमवरून जाताना मला दर वेळी बारक्या आठवतो. शाहू स्टेडियमवर स्टॉपरला खेळताना मागून अख्खं मैदान दिसतं, कोण कुठे चुकतोय ते आधी आपल्याला कळतं, हे तुम्हीच आम्हाला सांगायचा ना? त्याला ते दिसतं. गुडघ्याला मार लागला म्हणून ते दिसायचं थांबलेलं नाही. तालमीतली लहान पोरं आत्ताच त्याचं ऐकतात. त्याला फुटबॉल कोचसाठी असतो तो डी लायसन्सचा कोर्स करू द्या. नोकरीचा अर्जही तो भरेल, मी त्याच्याकडून शब्द घेतला आहे.

कोर्सच्या फीचे पैसे हप्त्याच्या रकमेबरोबरच पाठवते आहे, यंदा थोडे जास्त येतील. त्यातून आधी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. मी येईपर्यंत थांबू नका. दिवाळीला रजा मिळणार नाही, मागून पाहिली. गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ मी परत परत पाहिला. त्यात पप्पांचा आवाज बसलेला वाटला, डॉक्टरांना दाखवलंत का?

सांगलीच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण हो पण म्हणू नका. मुलाशी मी स्वतः फोनवर बोलेन. इथला करार संपायच्या आत मला नोकरी सोडायची नाही, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. नंतर कुणाला वाईट वाटायला नको. पत्रिका जुळते यावर आत्याने एवढी घाई करू नये. आणि लोक काय म्हणतात ते मला कळवू नका, आई काय म्हणते तेवढं कळवा.

पैसे जमा झाले की बारक्याला मेसेज करायला सांगा.

तुमची,
माई