एकच नळी

माँटेव्हिडिओ, उरुग्वे, रविवार

प्रिय आई, बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर मी समोरच्या बाईच्या हातातून तो छोटा भोपळा घेतला, तिच्याच नळीने प्यायले आणि आई, तू एकदम गप्प झालीस. "कुकर लावायचाय" म्हणालीस. रात्री साडेदहाला कुकर? उष्टं दिसलं तुला. कळलं मला.

या पेयाचं नावच 'माते'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली आरतीच आठवली. येर्बा नावाची सुकवलेली पानं वाळक्या भोपळ्यात भरतात, खाली गाळणी असलेली धातूची नळी खुपसतात आणि थर्मासातलं पाणी ओततात. ओतणारा एकच. पहिला कडू, भुकटीचा घोट तो स्वतः पितो, पाहुण्याला देत नाही. मग एकेकाची पाळी. पूर्ण रिकामा करून परत द्यायचा, नळी हलवायची नाही आणि पुसायची तर नाहीच, लोकांना वाईट वाटतं. हे मुळात ग्वारानी आदिवासींचं पेय. उरुग्वेत हे झाडही फारसं पिकत नाही, येर्बा बहुतेक ब्राझीलहून येते. तरी इथे माणसं काखेत थर्मास धरून रांब्लावर, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावर, फिरतात. बाबा, तुमच्या छत्रीसारखं.

पहिल्या आठवड्यात मी भोपळा परत देताना "ग्रासियास" म्हणायचे. तुम्हीच लावलेली सवय. तीन दिवस मला दुसरा घोट मिळेना. मग कुणीतरी हसत सांगितलं, इथे आभार मानले की 'पुरे' असा अर्थ होतो.

तर, रागावू नका, मंगळवारी मी 'पुरे' म्हटलं नाही. कंपनीने आणखी दोन वर्षांचं विचारलं आणि मी सही केली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते, आई देवापाशी जाऊन बसली असती, आणि मला सही जमली नसती. फ्लॅटचं कर्ज यात निम्मं फिटेल. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसेही वेगळे निघतील. आणि खरं सांगायचं तर मला इथे बरं वाटतंय. यंदा गणपतीला जमणार नाही. जानेवारीत पूर्ण महिना येते, तिकीट काढलंय. मावशीच्या त्या स्थळाचंही तेव्हाच बघू.

खोलीत हीटर आहे, पायमोजे दोन-दोन घालते. मसूर मिळतो, हिंग अजून पुरलाय. सकाळी साडेसातला मी माते घेऊन खिडकीत बसते. तेव्हा तुमच्याकडे चार वाजलेले असतात, म्हणजे बाबांचा चहा. बाबा, तुम्ही बशीत ओतून, फुंकर मारून, आईची पाठ वळली की मला एक घोट द्यायचात. तुमच्याच बशीतला. ते काय होतं मग?

बाबा, मातेने कॅन्सर होतो असा तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला. अर्धाच खरा आहे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं ते ६५ अंशांहून गरम पेयांबद्दल. त्याने अन्ननलिकेला कर्करोग होण्याची शक्यता असते, मग ते माते असो वा चहा. मी थोडं थांबून पिते. तुम्ही मात्र आधणासारखा चहा कपातूनच ढोसता. उद्यापासून बशी काढा. बी.पी.ची गोळी नाश्त्यानंतर, आणि ती घेतल्याचं आईला सांगायचं. आई, माळ्यावर चढायचं नाही. पितळी डबा मी आल्यावर काढेन.

ऑफिसातला एक जण पुण्याला येतोय, त्याच्याकडे येर्बाचं पाकीट आणि भोपळा दिलाय. पाणी उकळू देऊ नका, जेमतेम वाफ येऊ लागली की उतरवा. दूध घालू नकोस, आई, आलंही नको, निदान पहिल्यांदा. कडू लागलं तर साखर चालते, इथेही घालतात काही जण. बाबांनी झोपायच्या वेळी घ्यायचं नाही, यात चहासारखंच कॅफीन असतं.

नळ्या दोन ठेवल्यात. आई, तुझी वेगळी.

तुमची,
छोटी