हीटरची ओळ तेवढी काढ

चि. तन्मय,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मधेच ठेवलास. त्याचं काही नाही, तू ऑफिसात होतास आणि मी चढ्या आवाजात बोलत होते, पण ज्यावरून झालं ते अर्धंच राहिलं म्हणून लिहितेय. बाबा म्हणाले एवढं मोठं टाकू नकोस, तो वाचणार नाही. वाच. चहा घेताना वाच, जेवताना वाच, पण शेवटपर्यंत वाच.

लडाखच्या ट्रिपची तुझी ती एक्सेल शीट मी नीट बघितली. अकरा जण, तीन गाड्या, कुठल्या गाडीत कुठला डबा, त्यात काय, कोणाच्या नावावर, आणून झालं की हिरवा रंग. आणि ते दोन वेगळे रकाने केलेस ना, सगळ्यांत मिळून एकच पुरेल ते आणि प्रत्येकाच्या अंगाबरोबर हवंच ते, ते मला फार आवडलं. पोरांनी हे काम तुझ्यावर टाकलं ह्याचा किती अभिमान वाटला हे काल सांगायचंच राहिलं. ही सवय बाबांचीच आहे बघ, त्यांच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून अजून ती यादी चिकटवलेली आहे, तुझ्या अक्षरातली, "पाणा" मधला ण उलटा काढलेला.

फक्त ती एक ओळ. टेंट हीटर, गॅसवरचा, चार नग. ती काढ. काल तू म्हणालास की आई, त्याच्यावर सेफ लिहिलंय आणि आम्ही झोपायच्या आधी बंद करू. अरे, थंडीत कुडकुडलेला माणूस एकदा ऊब लागली की बंद करायला उठत नाही, त्याला तिथेच झोप लागते.

तुला माहितीये मी कॅज्युअल्टीला किती वर्षं काढली. दर हिवाळ्यात नाशकात गॅस गीझरची केस यायचीच. बाथरूमचं दार बंद, वरची खिडकी थंडी येते म्हणून पुठ्ठा लावून बंद, आणि माणूस आत अर्धा तास. एक मुलगी आणली होती, लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, हातावरची मेंदी गेली नव्हती, केसांत शॅम्पूचा फेस तसाच होता. अंगावर ओरखडा नाही, चेहरा चांगला गुलाबी. सोबतचे म्हणत होते सिस्टर बघा ना, रंग किती चांगला आहे, उठेल ना. मी काय सांगणार होते त्यांना. बंद जागेत गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्या गॅसला वास नाही, रंग नाही, घुसमटल्यासारखंही वाटत नाही, नुसतं डोकं जड होतं आणि झोप येते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, आणि मोकळ्या हवेत आणलं तरी अर्धा निघून जायला चार-पाच तास लागतात, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण तासाभराने-दीड तासाने. ह्याच्यावर मी अजून लिहू शकते पण नाही लिहीत, तू मोठा झालायस.

बाकी तुमचं प्लॅनिंग चांगलं आहे. श्रीनगरकडून वर जाऊन मनालीकडून उतरताय हे सगळ्यात उत्तम केलंत. सोनमर्ग, कारगिल करत हळूहळू लेहला पोचाल, मनालीवरून गेलं की शरीर सावरायच्या आधीच सरचूला चौदा हजार फुटांवर रात्र पडते. आपलं नाशिक जेमतेम दोन हजार फूट, तुम्ही चढलात ते कळसूबाई 5400, आणि लेहच साडेअकरा हजार. तिथे दोन रात्री पूर्ण काढा, पहिल्या दिवशी मॉनेस्ट्री नाही, मार्केट नाही, नुसतं पडून राहा. आधी नुब्रा करा, तिथलं डिस्किट लेहपेक्षा खाली आहे, तिथे झोपायला सोपं जातं, आणि पँगाँग त्याच्यानंतर. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरच्या वर वाढवू नये असा नियम आहे, पँगाँगला तो मोडतोच, म्हणून जमलं तर मधे तांगत्सेला एक रात्र टाका. डायमॉक्स, ती उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि तुमच्यात कोणाला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे का हे त्या शीटमध्ये नावासमोर लिही. मळमळ, डोकं दुखणं असेल तर वर जायचं नाही. तोल जायला लागला, बडबड व्हायला लागली किंवा बसल्याबसल्या धाप लागली तर रात्र असो काही असो, खाली उतरायचं.

आणि बघ, मी ह्यासाठीच म्हणते. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी. उंचीनेही हेच होतं आणि त्या गॅसनेही हेच होतं. तुमच्यातला एखादा टेंटमध्ये डोकं धरून बसेल आणि बाकीचे म्हणतील हाइट लागली, झोप, सकाळी बरं वाटेल, आणि चेन लावून घेतील. तुम्ही यादीत ऑक्सिमीटर घेतलाय, दोन घेतलेत, छान आहे, पण तो इथे फसवतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा गॅस धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. बाकीच्यांचा 86 आला तर त्याचाही तेवढाच येऊ शकतो आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून हीटरचे पैसे वाचतील त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घे, बॅटरीवरचा छोटा मिळतो, प्रत्येक टेंटला एक. धुराचा अलार्म वेगळा, तो नको.

झालं लेक्चर. सॉरी. मला माहितीये तुला हा माझा वॉर्डातला आवाज आवडत नाही.

तुला भंडारदरा आठवतं का? सुमनमावशीच्या दिरांची कमांडर जीप, मागे आम्ही बायका आणि भांडी, टपावर गाद्या, घोटीच्या पुढे पावसाने गाद्यांचं काय झालं ते तर विचारूच नको. तू पहिलीत असशील. रात्री स्टो पेटेना आणि बाबा पिन घालत बसलेले आणि तू टॉर्च धरून उभा, हात दुखला तरी हलला नाहीस, मधे बंटीने मागितला तर दिला नाहीस, म्हणालास माझी ड्यूटी आहे. पाऊस होता तरी बाबांनी स्टो तंबूत आणू दिला नाही, बाहेर छत्री धरून खिचडी केली, तुझी आजी किती बडबडली त्यावर. खिचडी कच्ची राहिली होती आणि तू दोनदा मागून खाल्लीस. आता तीच ड्यूटी तुझ्याकडे अकरा जणांची आलीय.

खिचडीवरून आठवलं, कुकर घ्याच, पाच लिटरचा, आणि एक जास्तीची रिंग. चौदा हजार फुटांवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात भात वरून शिजल्यासारखा दिसतो आणि दाताखाली कचकचतो, डाळीचं तर नावच नको. मुगाची डाळ घे, दुपारीच भिजत घालायची. मी भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, चिवडा आणि गुळाच्या दशम्या देतेय, दशम्या इंदूरच्या पुढे टिकणार नाहीत तेवढ्यात संपवा. चिवड्याची पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी फुगतात, फुटू नयेत म्हणून मी डब्यात भरतेय. आणि गॅसचे ते छोटे डबे नुसत्या ब्युटेनचे घेऊ नकोस, कडाक्याच्या थंडीत ब्युटेनची वाफ नीट होत नाही, पहाटे शेगडी फुसफुस करून विझेल. आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स असलेला बघ.

थंडीचं काय, असं तू काल विचारलंस आणि ते बरोबरच आहे, सप्टेंबर संपताना पँगाँगला रात्री शून्याच्या खाली जातं. ऐक. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात, कम्फर्टचा बघून घे, एक्स्ट्रीमचा नाही, एक्स्ट्रीम म्हणजे माणूस जेमतेम जगेल तो. खाली जाड मॅट, गारठा जमिनीतून जास्त येतो. झोपायचे कपडे वेगळे आणि कोरडे, दिवसाच्या घामाचे घालून झोपायचं नाही. आणि रबरी गरम पाण्याची पिशवी, आपली साधी, मेडिकलमधली. रात्री स्वयंपाक झाला की बाहेरच्या शेगडीवर पाणी तापवायचं, पिशवी भरायची, फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायची. पहाटेपर्यंत पुरते. मी अकरा आणून ठेवल्यात, हसू नका, गाडीत घाला. त्यापेक्षा जास्त थंडी वाजली तर दोघं-तिघं एका टेंटमध्ये झोपा. कोळशाची शेगडीही आत नाही, विझलीये असं वाटलं तरी नाही, राखेखालचा निखारा रात्रभर तोच गॅस सोडत असतो.

शेगडी टेंटच्या बाहेर, पावसातसुद्धा. बाबांनी भद्रकालीतून ताडपत्री आणलीये, दोन गाड्यांच्या कॅरियरला बांधून मधे छप्पर करा, दोन बाजू उघड्या पाहिजेत. आणि हे तुमच्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगते, टेंट गाडीच्या आडोशाला लावता ना वारा अडावा म्हणून, तर सायलेन्सर टेंटकडे येणार नाही अशी गाडी लावा. सकाळी कोणीतरी इंजिन गरम करायला स्टार्ट करून ब्रश करायला जातो आणि मागे माणसं झोपलेली असतात. गाडीत झोपायचं तर इंजिन बंद, काच बोटभर खाली.

बघ, परत तिथेच आले. बाबांचं सांगते. त्यांनी तुझ्या लिस्टला कमी नावं ठेवली. जॅकखाली ठेवायला जाड फळी हवी म्हणतात, वाळूत जॅकच खाली जातो, सातपूरच्या त्यांच्या ओळखीच्याकडून कापून आणलीये. रुतलेली गाडी ओढायचा पट्टा शॅकलने, म्हणजे बोल्टच्या कडीने लावायचा, हुकने नाही, आणि ओढताना पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. वाळूत टायरची हवा कमी केलीत तर रोडला लागायच्या आधी परत भरा, कॉम्प्रेसर त्याचसाठी. जादा डिझेलचा कॅन लोखंडी, गच्च भरायचा नाही, वरती थोडी जागा ठेवायची आणि माणसं बसतात तिथे ठेवायचा नाही. मनालीच्या रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर अशी पाटी होती म्हणे, तुम्ही उलटे येणार, म्हणून लेहलाच टाक्या आणि कॅन दोन्ही भरून निघा. आणि औषधं एकाच गाडीत नको, प्रत्येक गाडीत थोडी थोडी, गाड्या मागेपुढे होतातच. हे माझं आहे, बाबांचं नाही.

सिम पोस्टपेड घ्या, आपल्याकडचं प्रीपेड तिथे चालत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं तरी हवं. लेहच्या एसएनएम हॉस्पिटलचा नंबर शीटच्या पहिल्या ओळीत टाक. ते ऑक्सिजनचे हातातले स्प्रेसारखे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर राहू नका, लेहला मोठा सिलेंडर भाड्याने मिळतो तो घ्या, आणि तो शेगडीपासून लांब.

काकू म्हणाल्या पितृपक्षात कशाला पाठवताय. मी म्हटलं आजोबांना आवडलंच असतं, त्यांनी आयुष्यभर एसटी सोडून दुसऱ्या गाडीने प्रवास केला नाही पण नकाशा रोज बघायचे. मला मुहूर्ताची भीती नाही रे. खिंडींची नाही, रस्त्याचीही फारशी नाही, तू गाडी चांगली चालवतोस, कसाऱ्याला धुक्यात बघितलंय मी. रस्त्यावर माणूस जागा असतो, सावध असतो. मी घाबरते ते तुम्ही दमून हसतखेळत चेन लावून झोपाल त्याला.

तू म्हणशील हीटर दुसऱ्या कोणी सुचवलाय, नाही कसं म्हणू. माझं नाव सांग. म्हणावं माझी आई सिस्टर होती, ती ऐकत नाही. चिडू देत. तिथे वर गेल्यावर कोणी बाजारातून घेऊन आला तरी नाही म्हण. तू लीडर आहेस ना.

बुधवारी रात्री नाशकात द्वारका चौकात पोचलात की फोन कर, बाबा घ्यायला येतील. अकराही जणांचं जेवण आपल्याकडेच आहे, गच्चीवर गाद्या टाकते, पहाटे लवकर निघालात तर धुळ्याच्या पुढे ऊन लागायच्या आत जाल. त्यात कोणी नॉनव्हेज न खाणारे किती ते मंगळवारपर्यंत कळव.

तुझी
आई

ता. क. अलार्म आले की घरीच बटण दाबून वाजवून बघ, आणि बॅटऱ्यांचा जास्तीचा सेट घे, थंडीत बॅटरी लवकर उतरते. रात्री झोपताना तो डोक्याजवळ ठेवायचा, बॅगेत नाही.