आधी पाण्याचा जग ठेवा, बाटलीचं मग विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण मागच्या महिन्यात घरचाच प्रसंग घडला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. विषय कोणाला किरकोळ वाटेल. हॉटेलात जेवायला गेल्यावर साधं पाणी कसं मागायचं आणि त्यांनी ते कसं द्यायचं, एवढाच.

झालं असं की मुलाचं लग्न ठरतंय, मुलीकडचे सुरतेहून आले, पहिलीच भेट, म्हणून आम्ही इथे बडोद्यात अलकापुरीकडच्या एका जरा बऱ्या हॉटेलात रविवारी दुपारचं टेबल घेतलं. आम्ही पाच, ते सहा. बसतोय न बसतोय तोच वेटर ट्रेमध्ये बाटल्या घेऊन आला आणि "मिनरल वॉटर ना सर?" असं म्हणता म्हणता त्याने दोन बाटल्यांची सीलं तोडलीसुद्धा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. नवे व्याही समोर बसलेले, अशा वेळी "साधं पाणी आणा" म्हणायचं म्हणजे पहिल्याच दिवशी कंजूष ठरायचं, असं दोघांच्याही मनात आलं आणि दोघंही गप्प बसलो. माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या, त्यांनी मात्र सरळ विचारलं, "अगं, ह्यांच्याकडे तांब्याभर पाणी नाही का?" मी टेबलाखाली त्यांचा हात दाबला. त्यांना गप्प केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतंय, कारण त्या टेबलावर खरं तेवढं त्याच बोलल्या होत्या.

बिल आलं त्यात ९ बाटल्या, ६० रुपयांची एक, म्हणजे ५४० रुपये नुसत्या पाण्याचे. त्यातल्या तीन तर अर्ध्या भरलेल्या तशाच टेबलावर राहिल्या.

पुढची गोष्ट ऐका. चार दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला, बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला तर त्या म्हणतात, "ताई, आम्ही घरी नळाचंच पाणी फिल्टर करून पितो हो, पण तुमच्यासमोर साधं पाणी कसं मागणार, तुम्हाला काय वाटेल!" म्हणजे अकरा माणसांच्या टेबलावर बाटली कोणालाच नको होती आणि नऊ बाटल्या उघडल्या गेल्या, का तर प्रत्येकाला दुसऱ्याची लाज.

मला वाटतं ही लाज आपण घरून आणत नाही, ती त्या टेबलावर, त्या प्रश्नातून तयार होते. "मिनरल ना?" म्हटलं की "नाही" म्हणायचं ओझं गिऱ्हाइकावर येतं, आणि सोबत पाहुणे असले की ते ओझं दुप्पट होतं. हाच वेटर आधी जग आणि ग्लास ठेवून मग "बाटली हवी का कोणाला?" असं विचारेल तर ज्याला हवी तो मागेल, ज्याला नको तो गप्प राहील आणि कोणाचीच मान खाली जाणार नाही. प्रश्न फक्त फिरवायचा आहे, दुसरं काही नाही.

आपल्या बडोद्यात हे मला जास्त खुपतं. सयाजीराव महाराजांनी आजव्याला तलाव बांधून घेतला आणि नळाने शहरात पाणी आणलं त्याला शंभराच्या वर वर्षं झाली, आता मही नदीचंही पाणी येतं, पण आजही पावसाळ्यात आजव्याची लेव्हल २११ फूट झाली का आणि विश्वामित्री नदी २६ फुटांच्या खाली आहे ना हे इथलं शाळकरी पोरगंसुद्धा सांगतं. पाण्याशी इतकं नातं असलेलं गाव आहे हे. पाणपोईला इथे परब म्हणतात, आणि कोणाच्या आईवडिलांच्या नावाने परब बांधणं हे पुण्याचं काम समजतात. आपल्याकडेही दारात आलेल्याला आधी पाणी, मग "बसा", मग चहा. सेव-उसळच्या दुकानात आजही टेबलावर स्टीलचा जग आधीच ठेवलेला असतो, तिखट तरी घेतली की तो जग संपतो आणि पोऱ्या न सांगता दुसरा आणून ठेवतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या प्लेटवर त्या माणसाला पाणी परवडतं आणि हजारांच्या बिलावर परवडत नाही, हे मला पटत नाही.

हॉटेलवाल्यांचीही बाजू मी ऐकली आहे. दांडिया बाजारात ओळखीचे एक काका छोटी खानावळ चालवतात, ते म्हणाले की आरओ मशीनची कॅन्डल बदला, मेंब्रेन बदला, ग्लास धुवायला माणूस ठेवा, आणि एवढं करून कोणाचं पोट बिघडलं की पहिलं नाव पाण्याचंच घेतात, मग लोक बाटलीच पुढे करतात. त्यांचं खोटं नाही. पण फूड लायसन्सच्या नियमांतच आहे की अन्न पिण्यायोग्य पाण्यातच बनलं पाहिजे, बर्फही त्याच पाण्याचा पाहिजे. मग ज्या पाण्यात तुमची डाळ शिजते, ज्यात छास घुसळता, चटणी वाटता, ते जर गिऱ्हाइकाला ग्लासात द्यायच्या लायकीचं नसेल तर ताटात कसं चालतं? आणि लायकीचं असेल तर "साधं पाणी तुमच्या रिस्कवर हं" असं वेटरने का म्हणावं? माझ्या नणंदेला एका ठिकाणी अगदी ह्याच शब्दांत सांगितलं होतं.

अजून एक, आपण सगळे सर्रास मिनरल वॉटर म्हणतो पण टेबलावर येते त्यातली बहुतेक बाटली मिनरल वॉटर नसतेच. लेबल बघा, आयएस (म्हणजे भारतीय मानक) १४५४३ लिहिलेलं असेल तर ते पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, म्हणजे बोअरचं नाहीतर असंच कुठलंतरी पाणी शुद्ध करून भरलेलं. झऱ्याचं वगैरे खरं मिनरल वॉटर असतं त्यावर आयएस १३४२८ असतं आणि ते बरंच महाग येतं. बाटलीचं पाणी वाईट असं मी म्हणत नाहीये, फक्त टेबलावरच्या जगमधल्या आरओच्या पाण्यापुढे ती एवढी मोठी चीज नाही की तिच्यासाठी लाजावं.

किमतीवरून मात्र वेटरशी भांडू नका ही कळकळीची विनंती. "एमआरपी २० लिहिलीये, ६० कसे लावले" म्हणून आवाज चढवणारे मी पाहिलेत. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंट नुसती बाटली विकत नाही, बसायची जागा आणि सेवा पण देतं, त्यामुळे ते एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतं. स्टेशनवर रेल नीरची बाटली १४ रुपयांना मिळते म्हणून एसी हॉलमध्ये तो भाव मागता येत नाही. पण न मागता उघडलेल्या बाटलीचं काय? सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल, असं केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. मग हाच न्याय पाण्याच्या बाटलीला का नको? माझी भाची इंग्लंडमध्ये असते, तिकडे दारूचं लायसन्स असलेल्या हॉटेलात गिऱ्हाइकाने मागितलं की नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, २०१० पासून तसा नियम आहे.

आता आपल्या बाजूचं. जो जेवायला घालतोय त्याने बसल्या बसल्या, बाटलीला हात लागायच्या आत, मोठ्याने म्हणावं, "भैया, पहले सादा पानी का जग रख दो." यजमानानेच म्हणावं, कारण पाहुणा म्हणू शकत नाही, हे मी आता स्वतःच्या अनुभवाने शिकले. मग कोणाला प्रवासात पोटाचा त्रास होतो, कोणी बाळंतीण असते, कोणाला नुसतंच बाटलीचं बरं वाटतं, तर त्यांनी खुशाल मागवावी आणि बाकीच्यांनी टोमणे मारू नयेत. पाणी फुकट मिळालं म्हणून टिप कापू नये, उलट चार वेळा जग भरून आणणाऱ्या पोराला जास्तच द्यावी. निघताना गाडीतल्या रिकाम्या बाटल्या आणून हॉटेलच्या कूलरवर भरत बसणारी कुटुंबंही मी बघितली आहेत, ते बरं दिसत नाही. आणि रविवारी रात्री बाहेर लोक टेबलाची वाट बघत असताना एक सूप चौघांत घेऊन पाण्यावर तासभर बसू नये, खुर्चीचंही भाडं असतं बिचाऱ्यांना.

पण हे सगळं आत बसणाऱ्यांबद्दल झालं. मे महिन्यात, पारा ४२च्या वर, मी एका हॉटेलच्या दारात पार्सल घ्यायला उभी होते. डिलिव्हरीचा एक मुलगा, वीस-बावीसचा असेल, त्याने काउंटरवर पाणी मागितलं तर त्याला सांगितलं की कूलर कस्टमरसाठी आहे, बाहेर टपरीवरून घे. तो काही बोलला नाही, हेल्मेट काढून कोपऱ्यातल्या सावलीत उभा राहिला. मी माझ्या पिशवीतली बाटली दिली, त्याने वरूनच पाणी प्यायलं, तोंड न लावता, आणि परत देताना दोनदा थँक्यू आंटी म्हणाला. त्याच दारातून त्याच मुलाच्या जिवावर ह्यांची निम्मी पार्सलं जातात. माझी शहरातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांना हात जोडून विनंती आहे, दाराबाहेर एक माठ आणि पाणी काढायला एक डोयलं ठेवा, बोर्ड लावायचीसुद्धा गरज नाही.

आमच्याकडे साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. हॉलच्या मॅनेजरने पॅकेजमध्ये माणशी दोन छोट्या बाटल्या धरल्या होत्या, त्या मी कमी करायला सांगितल्या आणि विहीणबाईंना विचारलं चालेल ना. त्या म्हणाल्या, "मी वाळा घेऊन येते, माठ तुम्ही बघा." सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माळ्यावरचे तांब्याचे दोन जग काढायला लावले, कालच चिंच लावून घासले.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे